नऊ नंबरचा रॉड

रविवार, संध्याकाळ. भिसेगाव.

संतोषचं मनगट टम्म सुजलंय. बायको आत भावाला हळद लावतेय आणि मी इथे लिहीत बसलोय.

गेल्या महिन्यात कुंभिवलीला, सासऱ्यांसमोर, यानेच बांबूच्या काठीला गांडूळ लावून चार मासे काढले. माझ्या फ्लाय रॉडची पिसांची खोटी माशी सकाळभर पाण्यावर नुसती नाचली. सासरे मला हसले. आणि याला वर फ्लाय फिशिंग शिकायचंय, म्हणे माझ्यासारखं!

काल दुकानात त्याने पाच नंबरचा हलका रॉड उचलला. आपल्या नदीला तोच हवा. माझाही तोच आहे.

"दाजी, हा बरा हाय ना?"

"पोरखेळ आहे तो. नऊचा घे."

नऊचा जड, समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी असतो, मला पक्कं ठाऊक होतं. त्याने हलका रॉड काचेचा असावा तसा जपून परत ठेवला. त्यांच्या घरात जावयाचा शब्द कोणी मोडत नाही.

आज दिवसभर त्या नऊच्या रॉडने माशी फेकत होता. एक मासा नाही. या खेपेला सासरे त्याला हसले. मला बरं वाटलं का? वाटलं. स्वतःच्या वहीत कशाला लपवू? तरी ते जपून परत ठेवणं डोळ्यांसमोरून जात नाही.

आत्ता बायको दारात आली. "तुमचा रॉड द्या ना त्याला एकदा."

"तोही नऊचाच आहे."

आतून संतोष म्हणाला, "बघ गं ताई. आनि दाजी कदी कुरकुरले नाय."