साडेपाचचा मिस्ड कॉल

प्रिय आक्का,

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मी कागद-पेन घेऊन बसलोय. परवा तुझ्या सुनेनं, सरितानं जे सांगितलं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. हे कुणाजवळ बोलू? असलं काही झालं की मी तुलाच फोन करायचो.

परवा मिरजेला तुझ्या घरी तुझी स्मरणाची उपासना झाली. मला तुझ्याबद्दल साक्ष द्यायला उभं केलं आणि मी दिली. सांगितलं, की गेली तीन वर्षं आक्का रोज पहाटे साडेपाचला मला एक मिस्ड कॉल द्यायची, म्हणजे 'मी बसले'. मी साताऱ्याहून उलट एक द्यायचो, म्हणजे 'मीही बसलो'. मग दोन गावांत आम्ही बहीणभाऊ एकाच वेळी अर्धा तास प्रार्थना करायचो. एक दिवस चुकला नाही, असंही ठोकून दिलं. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. आमच्या साताऱ्याच्या चर्चचे पाळक आले होते, त्यांनी तिथंच ठरवून टाकलं, की मंडळीतला पहाटेचा प्रार्थनागट आता मी चालवायचा.

जेवणं आटोपल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. सरिता कप विसळत होती. मागं न बघता म्हणाली, "मामा, आईंना म्हाईत हुतं. तुमी मिस्ड कॉल देऊन परत झोपायचा ते."

आक्का, मी हातातला तांब्या खाली ठेवला. "कवापासनं?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली. नाताळला तुमच्याकडं आल्या हुत्या, तवापासनं."

तो नाताळ मला आठवतो. तू म्हणालीस, आलेच आहे तर एकत्र बसू. मी म्हणालो, तू बाहेरच्या खोलीत बस, मी आत बसतो, एकटं असलं की माझं मन लागतं. केवढा तो आव! पहाटे तू गमतीनं घरातल्या घरात मिस्ड कॉल दिलास आणि चहाचं विचारायला दारापाशी आलीस. पांघरुणातून माझा हात बाहेर आला, फोन दाबला आणि आत गेला. तू हे दारात उभं राहून पाहिलंस, हे मला आता सरिताकडून कळलं. तरी त्या सकाळी पोह्यांवर मला खोबरं जास्त घातलंस आणि चकार शब्द काढला नाहीस. कसं जमलं तुला? लहानपणी प्रार्थनेत डोळे उघडले म्हणून माझा कान पिळणारी तू. (तुझे मिटलेले असताना तुला ते कळायचं कसं, हे मी कधी विचारलं नाही.)

"काय म्हणाली आक्का?" मी सरिताला विचारलं.

"म्हनाल्या, लय दमतोय गं माझा भाऊ गाडीवर. त्याला जमत न्हाई तवर त्याच्या वाटचं मी बसते."

म्हणजे अर्ध्या तासाचा एक तास. तसले दुखरे गुडघे घेऊन.

दमतो हे खरं आहे. महाबळेश्वरच्या गाडीवर दिवसभर घाटात उभं राहून तिकिटं द्यायची म्हणजे पाठ मोडून जाते. पण मी आठवडाभर तरी बसलो का गं? चार दिवस बसलो. पुढं मंडळीत कुणी आजारी असलं, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसलं, की रविवारी फोनवर तुला नावं सांगायचो आणि त्या लोकांना ऐटीत म्हणायचो, तुमचं नाव आहे हं प्रार्थनेत.

सगळ्यात वाईट म्हणजे तुझं ऑपरेशन. आदल्या संध्याकाळी तू फोन केलास. "उद्या तेवढा खरंच बस रं," म्हणालीस. मी म्हणालो, "रोज बसतो की." तू नुसतं "बरं" म्हणालीस. साडेपाचला दवाखान्याच्या खाटेवरून तुझा मिस्ड कॉल आला. मी उलट दिला आणि झोपलो. ऑपरेशन नीट झालं, तू गेलीस ती नंतरच्या तापानं. माझ्या झोपेची शिक्षा देव तुला देणार नाही, एवढं मलाही कळतं. पण तुला भीती वाटत होती का त्या सकाळी? तीन वर्षांत एकदाच तू माझी सोबत मागितलीस आणि मी कूस बदलली. निदान त्या संध्याकाळी तरी मला झापायचं होतंस.

आज पहाटे गजर लावून बसलो. पाच मिनिटांत मन डेपोत जाऊन आलं, दोन प्रवाशांशी भांडूनही झालं. मग तुझं बोलणं आठवलं. तीस वर्षं वॉर्डात आया म्हणून राबलीस, तिथंच शिकलीस ना हे? "गठ्ठ्यानं मागू नगं रं. एकेकाला डोळ्यापुढं आण. त्यानं आज काय खाल्लं आसंल ते इचार, मग माग." मी सरिताला डोळ्यापुढं आणलं. परवा आम्ही सगळे जेवलो, ती जेवली का? मी पाहिलंच नव्हतं. नवरा दूर सैन्यात आणि आता तुझ्या घरात ती एकटी. दोन वर्षं तिनं मला कुणापुढं उघडं पाडलं नाही. मी उभा राहून थापा मारत होतो तेव्हाही गप्प बसली आणि बोलली ती स्वयंपाकघरात, कुणी नसताना. मला रडू आलं. घड्याळात पाहिलं तर चाळीस मिनिटं झाली होती. मग सरिताला फोन केला आणि जेवलीस का, असं विचारलं. तिला काही कळेना.

उद्या रविवार. उपासनेत पाळक गटासाठी माझं नाव जाहीर करतील. तुझी भावजय म्हणते, "त्यांना एकट्याला गाठून सांगा की. सगळ्यांपुढं कशाला शोभा?" तिचंही चूक नाही. पण साक्ष मी सगळ्यांपुढं दिली होती.

तर आक्का, तुला दोन शब्द देतो. रोज बसेन, मन पळालं तर ओढून आणेन, पण उठणार नाही. आणि उद्या पाळकांच्या आधी मीच उभा राहीन. ज्यांना मी तीन वर्षं नाव आहे, नाव आहे म्हणत आलो, ते समोर बसलेले असतील. त्यांना सांगेन, की तुमच्यासाठी प्रार्थना झाली आहे, एक दिवस चुकलेला नाही. फक्त ती मी केली नाही, माझ्या बहिणीनं केली.

तुझा धाकटा,
शमू