साडेतीनचा भाव

देऊळघाट, जि. बुलढाणा
७ डिसेंबर

चि. प्रसेनजित,
ताईचा सप्रेम जयभीम.

तुझ्या दोस्ताच्या, ऋत्विकच्या मागं लागून लागून तुझा पुण्यातला पत्ता काढला. त्याच्यावर चिडू नको, बिचाऱ्याला मी लय छळलं. तुझा नंबर लागत नाही, म्हणून हे कागदावर. झेरॉक्सचं दुकान आहे माझं, कागदाला काय तोटा!

घरी बरं आहे. आईचे गुडघे होते तसेच आहेत. बुलढाण्यात कोर्टासमोर आता आणखी एक झेरॉक्सवाला बसला, त्यामुळं माझी गिऱ्हाइकं थोडी तुटली. काल सहा डिसेंबर, विहारात मेणबत्त्या लावायला सगळे गेलो होतो. तिथं आई शेजारच्या सिंधूताईला सांगत होती, "हिचे बाबा पुण्याले जाऊन पोराले भेटून आले. बारीक झाला म्हणे." सिंधूताईला हे तिसऱ्यांदा ऐकावं लागलं. बाबा बाजूलाच होते. मेणबत्तीची वात सरळ करत राहिले.

त्या भेटीबद्दलच लिहायचं आहे. पण आधी भावाचं सांगते, ते तुला माहीतच नाही.

तू कंपनीत लागलास, विहारात तुला शाल घातली, तेव्हा कोणीतरी बाबांच्या कानात भरवलं की कंपनीचा शेअर रोज बाजारात विकतो अन् भाव मोबाईलवर दिसतो. झालं! आपल्या घरात शेअर एकही नाही, पण रोज साडेतीनला बाबांचा दुकानात फोन. "सारिके, बाजार उठला का? काय भाव सुटला?" समोर वकील उभा असो नाहीतर साहेब, आधी बाबांना भाव सांगायचा.

सगळी उमर बाजार समितीत मापाडी म्हणून काट्यावर गेली त्यांची. त्यांचं म्हणणं, भाव चढला की यार्डात अडत्यापासून हमालापर्यंत सगळे खुशीत, अन् पडला की कोणी कोणाला चहासुद्धा पाजत नाही. कंपनीचंही तेच. शेअर चढला म्हणजे आपलं पोरगं आज हसत घरी गेलं.

मी म्हटलं, "बाबा, तसं नसते."

"काऊन नसते? भाव म्हणजे भाव. सोयाबीनचा असो का कंपनीचा."

मग त्यांनी तुझ्या कंपनीची चालच बसवली. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकटीत वर नाहीतर खाली बाण. सोमवारी पडते, कारण रविवारचं अंग सुस्त असते. मार्चात पडते, साहेब लोकं हिशेब मागतात. दिवाळीच्या आधी मात्र चढतेच, दोन वर्षांची कॅलेंडरं काढून दाखवायचे. रविवारी तुझा फोन आला अन् तू कंटाळल्यासारखा बोललास की माझ्याकडं बघून मान हलवायचे, "पाह्य, शुक्रवारी पडला होता." कधी कधी जुळायचंही रे! तिथंच घात झाला. त्यांना वाटायला लागलं, आपल्याला पोरगं दिसते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एके दिवशी भाव एकदम उसळला. इतका वर कधी गेलाच नव्हता. बाबा उकंडरावच्या हॉटेलात गेले अन् बसलेल्या सगळ्यांना जिलबी खाऊ घातली. "पोराची बढती पक्की!" त्या रविवारी तुझा फोन आला नाही. बाबा म्हणाले, "चढत्या भावात फुरसत कुठची त्याले?" पुढच्या रविवारीही नाही. मग कधीच नाही.

आई रडायची, बाबा तिला कॅलेंडर दाखवायचे. बाण वर आहेत ना, मग पोरगं सुखात आहे. आमची काळजी त्यांनी अशी वर्षभर त्या चौकटींवर निभावली. मलाही ते बरं वाटायचं, खोटं काऊन बोलू?

यंदा दिवाळीच्या तोंडावर म्हणाले, "मी पुण्याले जाऊन येतो." मी म्हटलं, आजच निघा. तर नाही. "पडत्या भावात माणसाले भेटू नये, तोंड वाकडं करते. चढू दे." लागोपाठ चार दिवस भाव चढला तेव्हा बुलढाण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघाले. आईनं जवसाची चटणी अन् कुरड्या बांधून दिल्या. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, चपला सोडून बूट घातले. तुझ्या साहेबांसमोर तुझी मान खाली जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी रात्री परत. "भेटला. बारीक झाला. घाईत होता." आईनं विचारलं, शर्ट कोणता होता? म्हणाले, पांढरा. चटणी दिली का? दिली.

मी विश्वास ठेवला. पण सोमवारी साडेतीनला फोन आला नाही. मंगळवारी मीच लावला, "बाबा, चढला आजही." ते म्हणाले, "बरं," अन् ठेवून दिला. घरी येऊन पाहते तर कॅलेंडराच्या चौकटी कोऱ्या. रात्रीच ऋत्विकला फोन केला.

प्रसेनजित, मला सगळं समजलं आहे. त्या जिलबीच्या दिवशी कंपनीनं एकाच वेळी इतकी माणसं काढली, त्यात तू होतास. माणसं काढली, खर्च वाचणार, म्हणून तर भाव उसळला. ऋत्विकनं मला हे दोनदा समजावून सांगितलं, तरी मी म्हणत राहिले की असं कसं होईल. बाबांचा तर सगळ्या जन्माचा हिशेबच उलटा निघाला. हे मी त्यांना सांगितलेलं नाही अन् सांगणारही नाही. गेटवर वॉचमननं 'या नावाचं कोणी नाही' म्हटलं असेल, तेवढंच त्यांना पुरे झालं. चटणीचा डबा बहुतेक त्यालाच देऊन आले.

तू आता काय करतोस, ऋत्विक सांगत नाही. मी विचारणार नाही. तुला लाज वाटली असेल, त्या शालीची वाटली असेल. पण बाबा जेवण अर्ध्यावर सोडतात रे. आईसमोर तुझ्या पांढऱ्या शर्टाच्या गोष्टी सांगतात अन् मग ओसरीत जाऊन बसतात. मला त्यांच्याकडं बघवत नाही.

परवा आई शेजारी गेली होती. मी भाकरी करत होते. बाबा मागं येऊन उभे राहिले अन् हळूच म्हणाले, "सारिके, आता कोणत्या कंपनीचा भाव पाहू?"

भाकरी करपली.

म्हणून लिहिते आहे. आता जिथं असशील त्या कंपनीचं नाव कळव. पडणारी कंपनी असली तरी चालेल. तू लिहिणार नाहीस, हेही मला माहीत आहे. मग मीच कोणतं तरी नाव सांगून टाकीन, अन् ते भलत्याच कंपनीचे बाण काढत तुझी काळजी करत बसतील.

साडेतीनला फोनकडं पाहत राहणारी,
तुझी ताई
सारिका