राष्ट्रगीत होईपर्यंत

बर्नली,
मार्च १९७१

प्रिय ग्लॅडिस,

एवढं जाड पाकीट पाहून तू आधी घाबरशील. नाताळच्या कार्डावर दोन ओळी लिहिण्यापलीकडे मी कधी गेले नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज नॉर्मन त्याच्या कबुतरांकडे गेलाय, घर शांत आहे, आणि जे सांगायचंय ते कार्डावर मावणारं नाही. चहा करून घे, दार लावून घे आणि सावकाश वाच.

इकडची पहिली बातमी म्हणजे आपली कापडगिरणी बंद पडली. विणायचे साचे भंगारात निघाले, तेव्हा आम्ही चौघी-पाचजणी साचेखातं शेवटचं बघून आलो. तिथे इतकी शांतता होती की एकमेकींशी बोलायची लाज वाटली. दुसरी बातमी, पिकपबाई गेल्या. दुखणं असं काही नव्हतं, झोपेतच गेल्या. आणि नॉर्मनच्या डोक्यात आता रंगीत टीव्हीचं खूळ शिरलंय. मी दुकानाच्या काचेतून पाहिला. सगळ्यांची तोंडं उन्हात भाजल्यासारखी लालभडक. मी म्हटलं, आपला करडा बरा. त्यात माणसं निदान बर्नलीची वाटतात.

आमच्या घरातला पहिला टीव्ही संच तुला आठवत असेलच. गल्लीत तेवढा एकच होता. शनिवारी संध्याकाळी ज्यानं त्यानं आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन यायचं, पोरांना वरच्या खोलीत कोटांच्या ढिगात झोपवायचं, आणि नॉर्मननं दिवा मालवला की सगळ्यांनी देवळात बसल्यासारखं गप्प व्हायचं. पिकपबाई टोपी घालून यायच्या, कारण तो निवेदक काळा सूट आणि बो टाय घालून आपल्या घरात येतो आणि आपण बोडक्यानं बसायचं, हे त्यांना पटायचं नाही. त्यानं 'शुभ संध्याकाळ' म्हटलं की त्या 'तुलाही बाळा' म्हणायच्या. दोन कार्यक्रमांच्या मधे चाकावर मडकं घडवणारे ते हात दाखवायचे. मडकं पुरं होण्याआधीच पुढचा कार्यक्रम लागायचा आणि नॉर्मन चिडायचा. रात्री शेवटी राष्ट्रगीत वाजलं की टीव्ही बंद.

आणि आपण दोघी. साच्यांच्या खडखडाटात चौदाव्या वर्षापासून ओठांनीच बोलत आलो, ती सवय बाहेरही सुटली नाही. भरल्या खोलीत या टोकाहून त्या टोकाला आपल्या गप्पा चालायच्या आणि कुणाला पत्ता नसायचा. नॉर्मन म्हणायचा, या दोघी मासे आहेत, तोंड हलतंय आणि आवाज नाही. विल्फही तेच म्हणायचा. तुमच्या या माकडचेष्टा मला कळत नाहीत, म्हणायचा. तुझा नवरा म्हणून मी त्याच्याविषयी फार बोलायची नाही, पण शुद्धीत असताना तो वाईट नव्हता. गल्लीतली प्रत्येक बाबागाडी त्यानं दुरुस्त केली असेल. गिरणीत साचा अडला की बायका त्यालाच हाक मारायच्या. पण दारू पोटात गेली की तुझे हात लांब बाह्यांखाली जायचे, आणि ते आम्हाला सगळ्यांना दिसायचं, ग्लॅड. दिसायचं आणि आम्ही टीव्हीकडे बघायचो.

त्या शनिवारी तो प्यालेला नव्हता. सरळ येऊन पुढच्या खुर्चीत बसला. तू मात्र बसली नाहीस. टीव्हीच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिलीस. मी मागच्या भिंतीशी होते. पडद्यावर नाच चालला होता. पायांत काहीतरी चमचमणाऱ्या मुली होत्या, आणि त्यांचा उजेड तुझ्या तोंडावर पडत होता. तेव्हा तू ओठ हलवलेस.

"माझ्याकडे बघू नकोस. मी आज जातेय. ब्रेंडाला घेऊन."

मी विचारलं, कुठे.

"व्हिटबीला, मावशीकडे. गुरुवारी त्यानं पोरीला भिंतीवर आपटलं. माझं मी सोसलं, हेटी. हे नाही सोसायची."

"तुझा कोट?"

"त्याच्या खुर्चीमागे अडकवलाय."

"माझा घे. मागच्या दाराशी आहे. मी त्याला इथे धरून ठेवते."

"किती वेळ?"

"राष्ट्रगीत होईपर्यंत."

तू चहा टाकते असं मोठ्यानं म्हणालीस आणि आत गेलीस. जिना करकरला तेव्हा पडद्यावर कुणीतरी जाडा माणूस गात होता. देव त्याचं भलं करो.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, कारण तू नव्हतीस. चहा मीच केला. तुझं डोकं दुखतंय, तू वर ब्रेंडाशेजारी आडवी झालीस, असं मी न विचारताच जाहीर केलं. मग नाटक लागलं. एका मोठ्या घरात म्हाताऱ्याचा खून झालेला आणि सगळेच नातेवाईक खोटं बोलणारे. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी मनातल्या मनात तुझ्याबरोबर स्टेशनच्या चढावर चालत होते. आणि ऐन मध्यात चित्र गेलं. तिकडे लंडनला काहीतरी बिघडलं असणार. क्षमस्वची पाटी आली, मागे बाजा वाजायला लागला. लोक हातपाय ताणायला लागले आणि विल्फ उठला.

मी त्याच्यापुढे बटाट्याच्या पाईची ताटली धरली. नको म्हणाला. नॉर्मनला म्हटलं, विल्फला कबुतरं दाखव. नॉर्मन म्हणाला, अंधारात? विल्फ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, कडीवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला. दारात आडवी पडायचं मी ठरवलं होतं, खोटं नाही सांगत. तेवढ्यात चित्र परत आलं आणि पिकपबाई ओरडल्या, "बस की रे खाली, तू काय काचेचा आहेस, आरपार दिसायला?"

तो वळला. म्हणाला, "खुनी कोण ते बघूनच जाऊ." आणि बसला.

बसला तो बसलाच. नाटक संपलं, बातम्या झाल्या, पाद्रीबाबांचं ते दोन शब्दांचं प्रवचन झालं. ते लागलं की एरवी तो टीव्हीला शिव्या देत घरी जायचा. राष्ट्रगीताला पिकपबाईंच्या शेजारी तोही उभा राहिला, हात सरळ खाली सोडून. मग खुर्चीमागचा तुझा कोट काढून हातावर घेतला, "येतो, हेटी," म्हणाला आणि गेला. ग्लॅड, त्यानं तुम्हा दोघींना हाक मारली नाही. वर बघितलंसुद्धा नाही. त्या झोपल्यात, झोपू दे, असं सांगायची तयारी मी करून ठेवली होती, पण मला विचारलंच नाही कुणी. सुटले या आनंदात मी होते. हे विचित्र आहे, असं माझ्या मनातही आलं नाही.

सोमवारी तो कामावर आला. कुणाला काही बोलला नाही. नॉर्मन आठवडाभर दाराला आतून कडी घालून जागा राहिला, पण आमचं दार ठोठावायला कुणी आलं नाही. टीव्ही बघायला तो परत कधी आला नाही. आधी जास्त प्यायला लागला, मग पुढे कधीतरी सोडली, शहाणपणानं की पोटाच्या दुखण्यानं, ते देव जाणे. रस्त्यात भेटला की हवापाण्याचं बोलायचो आणि आपापल्या वाटेनं जायचो. मी त्याला माफ केलं नव्हतं, आणि तो मला दोष देत असणार असं धरून चालले होते.

मागच्या शरद ऋतूत त्याच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत आवाज गेला. इस्पितळात परिचारिकांनी लिहायला पाटी दिली, ती त्यानं उशीखाली सारून ठेवली. नॉर्मन म्हणाला, त्याचं कुणी नाही, तू एकदा जाऊन ये. गेले. संत्री घेऊन पलंगाशेजारी बसले, आणि त्यानं माझ्याकडे तोंड करून ओठ हलवले. स्वच्छ, सावकाश, एकही अक्षर न गिळता, साचेखात्यातल्या जुन्या बायका बोलायच्या तसं बोलत होता. इतकी वर्षं आपल्यात वावरलेला माणूस. कळत नाही म्हणाला आणि आपण दोघींनी ते खरं मानलं.

"त्या रात्री मी ग्लॅडचे ओठ वाचले," तो म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मीही आवाज न काढताच विचारलं, "मग गेला का नाहीस तिच्यामागे?"

"उठलो होतो. कडीला हात लावला होता. तिला स्टेशनवर गाठलं असतं, आणि मग मी काय केलं असतं ते मला माहीत होतं, हेटी. म्हणून बसलो."

मग त्यानं ब्रेंडाचं विचारलं. मी म्हटलं, शिक्षिका होतेय, लहान पोरांना शिकवणार. त्यानं डोळे मिटून घेतले. पुढे मी गेले की आम्ही फुटबॉलचं आणि गिरणीचं बोलायचो, ओठांनीच. तुझा विषय त्यानं परत काढला नाही.

विल्फ गेल्या रविवारी गेला. काल आम्ही सातजणांनी त्याला पोचवलं. त्याला माफ कर, असं सांगायला मी हे लिहीत नाही. ते तुझं तू बघ, आणि ब्रेंडाला काय सांगायचं तेही. एक रात्र खुर्चीत बसून राहिल्यानं आधीच्या रात्री पुसल्या जात नाहीत. मी लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. तू व्हिटबी सोडलंस, मग स्कारबरो सोडलंस, मग हल. दर वेळी कार्डावर नवा पत्ता, आणि खाली बारीक अक्षरात, दुकानात टोपीवाल्या कुणीतरी माझी चौकशी केली म्हणे, किंवा धक्क्यावर एकजण दोनदा वळून बघत होता. आई दाराकडे पाठ करून कधी बसत नाही, असं मागे ब्रेंडानं मला लिहिलं होतं. ग्लॅड, आता बस. विल्फ मेला म्हणून सांगत नाहीये. माझ्या स्वयंपाकघराच्या दारानं तू बाहेर पडलीस ना, त्या क्षणापासून तुझ्या मागे कधी कुणी नव्हतंच.

तुझीच,
हेटी