ठेवणीतलं इंग्रजी

५ ऑगस्ट १९९४
गुरुवारी कौन्सिलची बाई येणार — बाबांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायला. चित्रं दाखवणार, नावं विचारणार. जमलं तर बाबा घरीच, नाही तर वृद्धाश्रम. बाबांना घोर वेगळाच: भाज्यांचं प्रदर्शन दीड महिन्यावर आलंय, लीकच्या, म्हणजे त्यांच्या लाडक्या कांदापातीच्या, वाफ्यांना पाणी कोण घालणार!

६ ऑगस्ट
चिमणीचं चित्र दाखवलं.
"स्पगी," बाबा म्हणाले.
"बाबा, ती बाई आपल्यासारखी उत्तरेकडची नाही, दक्षिणेकडची आहे. स्पॅरो म्हणा."
"का? त्यांच्यात स्पगी न्हाईत व्हय?"
मी हसले नाही. वीस वर्षं शाळेत शिकवताना पोरांच्या तोंडातून असलेच गावच्या बोलीतले शब्द खुडत आले. बाबांना शुद्ध येत नाही असं नाही. खाणीतला साहेब आला, डॉक्टर आला, की ठेवणीतलं इंग्रजी बाहेर काढायचे. आई म्हणायची, "तुझा बाप फक्त परक्यांशी शुद्ध बोलतो."

७ ऑगस्ट
मला ते हिनी म्हणतात. इथे लाडक्या माणसाला म्हणतात तसं. कॉलेजात असताना मैत्रिणींसमोर मी फटकारलं होतं, "असली गावंढळ हाक मारू नका." मैत्रिणी जाईपर्यंत बाबा मागे वाफ्यांत थांबले. मग दारातून हळूच — "हिनी, आता चालंल का?"
आज चित्रांची चळत लावताना ते आठवलं.

९ ऑगस्ट
घोकंपट्टी. दहातली सात बरोबर! शेजारची ईडी म्हणाली, "अगं ऑड्री, बोलू दे की म्हाताऱ्याला त्याच्या तोंडानं."
"बोलीवरून माणूस जोखतात, ईडी."
खरंच जोखतात. मीही जोखत आले.

११ ऑगस्ट
बाईनं चिमणी दाखवली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं — मिटलं. पुढच्या चित्रालाही तेच. चुकू नये म्हणून बोललेच नाहीत!
मला राहवलं नाही. "त्यांना येतं हो! घरी वेगळं म्हणतात, एवढंच."
"मग तेच म्हणायचं ना," बाई म्हणाली. "इकडचे शब्द आम्ही बरोबरच धरतो." बाबा तरीही माझ्याकडेच बघत राहिले, एकही नाव सांगेनात.
माझ्या मेलीच्या जिभेला हाड नाही. चुका काढून काढून मीच घालवलं त्यांचं घर.

२९ ऑगस्ट
बाबांना वृद्धाश्रमात पोचवून आले. वाफे ईडीचा नवरा बघेल.

१७ सप्टेंबर
बाबांच्या लीकना दुसरं बक्षीस! उद्या बक्षिसाचं कार्ड घेऊन त्यांच्याकडे जाते. "हिनी" म्हणाले की सगळ्यांसमोर ओ देणार, मोठ्यानं.

१८ सप्टेंबर
कार्ड हातात दिलं. बाबा उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि स्वच्छ, शुद्ध इंग्रजीत म्हणाले, "फार आभारी आहे, बाईसाहेब. आपण कुठून आलात?"
एकही चूक नव्हती.