'वाकडी शेपटी'तला एकुलता एक पास

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपार.

नवी वही. आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

सुरुवातच मोठी आहे. कालपर्यंत मी लुसेकेलो, मलावीतल्या करोंगाचा, जोहान्सबर्गात दुसऱ्याच्या बागेतलं गवत कापणारा. आजपासून फॉस्टर.

'वाकडी शेपटी' म्हणजे आमच्या भागातली, टाकलेली कुत्री वाचवणारी मंडळी. पगार कुणालाच नाही, मीटिंग मात्र दर शनिवारी, आणि तीही आमच्या मालकांच्या अंगणात. खुर्च्या मांडतो मी. आज मांडून झाल्यावर मागे उभा होतो. अध्यक्षबाई टानी एल्सबी म्हणाल्या, एक कुत्रं उरलंय, कायमचं घर मिळेपर्यंत पाच आठवडे कोण ठेवून घेईल? सगळे आपापल्या चपला बघायला लागले. माझा हात वर गेला. (मानेवर माशी बसली होती. पण वर गेला तो गेला.)

टानी म्हणजे त्यांच्या आफ्रिकान्स भाषेत मावशी. सत्तरीची बाई, तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका. म्हणाल्या, छान, पण सांगून ठेवते, आमच्याकडे जो फॉस्टर होतो तो फेल होतो. सगळे हसले. फोनवरच्या ग्रुपात 'बातम्या आणि सल्ले' लिहिणारी बोन्तले म्हणाली, मी तर दोनदा फेल. स्वतःची गाडी आहे बाईकडे, आणि दोनदा फेल झाल्याचं हसत सांगते. तिच्या वतीने मलाच लाज वाटली.

फेल म्हणजे काय, कसं होतात, ते विचारलं नाही. तो विषय मला कुणी शिकवायला नको. आठवीत दोनदा झालोय. (पहिल्यांदा तपासणाऱ्याची चूक. दुसऱ्यांदा बहुतेक तोच तपासणारा.) शाळेच्या भिंतीवर यादी लागली त्या दिवशी बाबा होडी घेऊन तळ्यात गेले, ते दोन दिवस किनाऱ्याला आले नाहीत.

संकल्प: इथे पास व्हायचं.

६ ऑक्टोबर, सोमवार.

कुत्रं आलं. टॅक्सी स्टँडवर भाजलेली कणसं विकणारीच्या टेबलाखाली सापडलं. रंग वाळल्या चिखलाचा. एक कान उभा, एक आडवा. मागच्या पायाला पट्टी. ग्रुपने नाव ठेवलंय प्रिन्स ऑलिव्हर. मी नावबिव वापरणार नाही. केस नंबर एकसष्ट.

बोन्तलेने सल्ल्यांचा कागद दिला. पलंगावर घेऊ नका. आपल्या ताटातलं देऊ नका. पहिले तीन दिवस ते घाबरेल, तीन आठवड्यांत रुळेल, तीन महिन्यांत घर आपलं मानेल. मी म्हणालो, तिसऱ्याची गरज नाही, मुदत पाच आठवड्यांची आहे.

मला कुत्र्यांचं काही नाही. आमच्याकडे कुत्रं अंगणात, माणूस घरात. दोघेही खूश.

मालकांच्या घरात स्वयंपाक करणारी थोकोताई दारात येऊन बघून गेली. म्हणाली, अरे मलावी, दोघांच्या बरगड्या सारख्याच दिसतात, रात्री ओळखायचं कसं?

दुर्लक्ष केलं.

८ ऑक्टोबर, बुधवार.

टानी माझी खोली तपासायला आल्या. याला होम-चेक म्हणतात. कुत्रं ठेवायचं तर घर तपासून घेतात. कुंपण हलवून पाहिलं, खिडकीची कडी पाहिली, मग वर बघून विचारलं, हे काय?

म्हटलं, काही नाही मॅडम, दाराजवळ छप्पर गळतं, चार वर्षं गळतंय, मी पलंग सरकवतो.

टानींनी तिथूनच मालकांना फोन लावला. म्हणाल्या, असल्या ओल्या खोलीत कुत्रं ठेवता येणार नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

छप्पर दुरुस्त. दोन माणसं, एक शिडी, अर्धा दिवस. माझ्या बोलण्याचा अखेर मालकांवर परिणाम झाला. चार वर्षं चिकाटीने सांगत होतो.

थोकोताई म्हणाली, हो, तुझ्या बोलण्याचाच. आता खुर्ची हवी असेल तर त्यालाच भुंकायला सांग.

११ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी पाच.

चारला वीज कडाडली. इथला पाऊस असाच, दुपारी वेळेवर येतो. एकसष्ट पलंगाखाली. थरथर. मी नियम पाळून उलट्या बादलीवर बसलो. मग वाटलं, नवं छप्पर खाली झोपून तपासलं पाहिजे. जमिनीवर आडवा झालो. तिथून नीट दिसेना. पलंगावरून छान दिसतं. तो आपला आपणच वर आला, मी घेतला नाही. सल्ल्यात 'घेऊ नका' आहे. 'आल्यास ढकला' असं कुठेही नाही.

छप्पर उत्तम आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

कुत्र्यांचं कोरडं खाणं तो हुंगून सोडून देतो. नऊ दिवस. डॉक्टर म्हणाली वजन वाढलं पाहिजे. घरून बसने उसिपा आली होती, आमच्या तळ्यातली बोटाएवढी सुकी मासळी. वास बघून एकसष्ट उठून बसला. एक दिली. मग न्सिमाच्या, आमच्या मक्याच्या घट्ट घाट्याच्या, गोळ्यात घालून दिली. ताटातलं दिलं नाही. ताटाच्या बाजूचं दिलं.

देताना सवयीने आई म्हणायची तेच म्हणालो, आमच्या बोलीत: ये, आपलं आपण खाऊ.

ताट चाटलं. आता त्याच्या तोंडाला तोच वास. सोयीसाठी उसिपा म्हणतोय. हे नाव नव्हे. हा वास.

१८ ऑक्टोबर, शनिवार. मीटिंगनंतर.

खुर्च्या मांडल्या आणि आज एका खुर्चीवर बसलो.

भानगड कळली. बोन्तलेने फोनवर फोटो दाखवला. सोफ्यावर दोन लठ्ठ कुत्री, उताणी. म्हणाली, हे माझे दोन फेल. म्हणजे असं: फॉस्टरने कुत्रं दुसऱ्याला दिलं की पास. देता आलं नाही, स्वतःकडेच ठेवलं की फेल. नापास झालीस ना, घे मग जन्मभर गळ्यात. कडक पद्धत आहे. आमच्या शाळेत फक्त छडी होती.

म्हटलं, माझं तसं होणार नाही. बोन्तले म्हणाली, वर्षभरात अकरा फॉस्टर, अकरा फेल. तू पास झालास तर प्रमाणपत्र छापून देते, शिक्क्यासकट. सगळे पुन्हा हसले. हसू दे.

प्रमाणपत्र. शिक्क्यासकट.

बाबांना फोन केला. सांगितलं, परीक्षा देतोय, नोव्हेंबरात निकाल. कसली ते सांगितलं नाही. बाबा म्हणाले, या वेळी पेन दोन घेऊन जा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार.

शिकवणी जोरात. उसिपा बस म्हटलं की बसतो, थांब म्हटलं की थांबतो, फावडं म्हटलं की फावडं सोडून बाकी सगळं आणतो. ग्रुपात लिहिलं, 'फॉस्टर लुसेकेलोचा सल्ला: कुत्र्याशी ठाम राहा. जीव लावू नका. जीव लावणं हे अशिक्षितांचं काम.' सतरा जणांनी हसरे चेहरे पाठवले. पटलं असावं.

पाठवलं तेव्हा तो माझ्या पायांवर झोपला होता. पाय बधिर झाले म्हणून हलवले नाहीत.

२७ ऑक्टोबर, सोमवार.

अंगणभर जॅकरांडाची जांभळी फुलं. मी झाडतो, उसिपा त्या ढिगाऱ्यात लोळतो, मी पुन्हा झाडतो. दीडपट काम. मालक म्हणाले, तू हल्ली शिट्टी वाजवतोस. यापुढे वाजवणार नाही.

त्याला चिप बसवली. मानेत, तांदळाएवढी. कुठेही सापडला तरी कोण, कुठला, लगेच कळतं. लसीचं पुस्तकही मिळालं, फोटोसकट. माझ्या पासपोर्टवर तीस दिवसांचा शिक्का असतो.

थोकोताई म्हणाली, कागद बघता तो तुझा फॉस्टर वाटतो.

३० ऑक्टोबर, गुरुवार.

प्रिटोरियाहून अर्ज आला. मिस्टर आणि मिसेस फाकाथी, दोघं निवृत्त, मुलं परदेशात. फोटो बघून म्हणाले हाच हवा.

फार आनंद झाला. जेवलो नाही, आनंदाने.

१ नोव्हेंबर, शनिवार.

फाकाथींचा होम-चेक. टानींनी मला बरोबर नेलं. तपासनीस म्हणून. वही नेली. दोन पेनं नेली.

आढळलेले दोष: भिंतीत मागच्या बाजूला एक वीट हलते (जोरात हलवल्यास). पोहण्याच्या तलावाला जाळी आहे, पण निळी. गवत फार मऊ. मिस्टर फाकाथी जेवताना रेडिओ लावतात. कुत्र्यासाठी वेगळी गादी घेऊन ठेवली आहे, हे संशयास्पद. बाई फार प्रेमळ. इतकी प्रेमळ माणसं पुढे थकतात.

उसिपा तिथे बसेना. फाकाथी इंग्रजीत म्हणाले, झुलूत म्हणाले, बाईंनी तर गाऊन दाखवलं. तो माझ्याकडे बघत उभा. शेवटी मी आमच्या बोलीत सांगितलं, बसला. मिस्टर फाकाथी म्हणाले, हा तर मलावीचा निघाला. मी म्हणालो, नाही साहेब, इथलाच आहे, फक्त शिक्षण तिकडचं.

परत येताना टानींनी वही मागितली. दोष वाचले. गाडी बाजूला घेतली, चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, लुसेकेलो, फॉर्मवर फॉस्टरसाठीची एक ओळ अजून कोरी आहे. तुझ्या मालकांशी मी बोलून ठेवलंय, त्यांची हरकत नाही. फाकाथींना आणखी दोन कुत्री दाखवता येतील. तुला काही सांगायचंय का?

मी ओळखलं. तोंडी परीक्षा. आठवीतही सर असंच गोड बोलायचे, नक्की का, पुन्हा एकदा बघ, आणि मी बरोबर लिहिलेलं खोडायचो. या वेळी खोडणार नाही. म्हणालो, मॅडम, मी नापास होणार नाही.

त्या म्हणाल्या, अरे राजा, मार्क कुणी देत नाहीये.

परीक्षक असंच म्हणतात.

त्यांनी गाडी सुरू केली. उसिपा मागच्या सीटवरून माझ्या मानेत श्वास सोडत होता. मासळीचा वास. खिडकी उघडली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार.

थोकोताई आज ताट घेऊन येऊन बसली. म्हणाली, अरे ठोंब्या, त्या बाया फेल म्हणतात ते कौतुकाने, त्यांच्यात फेल होणाराच शहाणा. मी म्हणालो, ताई, तुझं शिक्षण किती? म्हणाली, सातवी. मी म्हणालो, मग परीक्षेबद्दल आठवीवाल्याला सांगू नकोस.

तिने ताट उचललं. म्हणाली, तुझा तपासणारा बरोबर होता रे. दोन्ही वेळेला.

संकल्प: शनिवारी डोळ्यांना काही होता कामा नये. काही झाल्यास जॅकरांडाची धूळ.

८ नोव्हेंबर, शनिवार. निकाल.

पास.

फाकाथी दहाला आले. सही केली. कोऱ्या ओळीवर टानींनी रेघ मारली. पट्टा मी फाकाथींच्या हातात दिला. उसिपा गाडीत चढेना. तीन माणसांनी ढकललं. मग मी आमच्या बोलीत सांगितलं, चढ. लगेच चढला. शिकवणी इतकी पक्की. गाडी गेली तेव्हा उभा कान काचेत दिसत होता. आडवा दिसला नाही, तो पलीकडच्या बाजूला असतो.

धूळ फार होती.

मग केक आला. बोन्तलेने चार दिवस आधीच सांगून ठेवला होता. वर गुलाबी अक्षरांत, 'अभिनंदन लुसेकेलो, बारावा फेल'. सगळे केककडे बघत उभे. बोन्तले म्हणाली, आम्हाला खात्रीच होती रे. थोकोताईने सुरी घेतली, 'फेल' तेवढं खरवडलं आणि माझ्या बशीत वाढलं. खाल्लं. गोड होतं.

प्रमाणपत्र शिक्क्यासकट मिळालं. टाळ्या झाल्या, थोड्या कमी. टानींनी हात मिळवला. तीस वर्षं मुख्याध्यापिका, आणि एवढा चांगला निकाल लागल्यावर डोळे पुसत होत्या.

बाबांना फोटो पाठवला. बाबांनी आईला, आईने चर्चमध्ये. बाबांनी विचारलं, कुठल्या विषयात? लिहिलं, सोडण्याच्या. मग ते खोडून लिहिलं, शिस्तीच्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

खोलीत खिळा एकच. पट्टा अडकवायचा तो. त्यावर प्रमाणपत्र लावलं. तिरकं बसतं.

फाकाथीबाईंचा फोन आला. प्रिन्स ऑलिव्हर तीन दिवस जेवला नाही. कोंबडी दिली, कलेजी दिली. विचारत होत्या, तू जेवण देताना त्याला काही म्हणायचास का?

व्हॉइस नोट पाठवली. ये, आपलं आपण खाऊ.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. जेवला. सगळं. मग फोन चाटला, मग फोनच्या मागे जाऊन बघितलं. बाई म्हणाल्या, रोज दोन वेळा हेच वाजवू. शब्दांचा अर्थ काय, लिहून पाठव.

लिहिलं, शिस्तीत खा.

नंतर न्सिमा घोटला, उसिपा घातली, ताट घेऊन बसलो आणि सवयीने तोंडातून तेच चार शब्द गेले. दार ढकललं गेलं. थोकोताई होती, मिठाला आली होती. पलंगाखाली बघितलं, खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

म्हणाली, जेव साहेब. पास झालेल्यांना वाटेकरी नसतो.