पट्ट्याचा तपास

३ जून, सोमवार
आजपासून बॅगेवर पाळत. खांदे दुखतात आणि गुन्हेगार बॅगेचा पट्टा आहे, यात शंका नाही. फक्त पुरावा हवा.
सोळा वर्षं घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. एका टोचण्यात काम, ही माझी लॅबमधली ओळख. आज तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरांना तीनदा टोचावं लागलं. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या. मास्तर म्हणाले, सावकाश, मला कुठं जायचंय. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
संकल्प: आठ दिवसांत योग्य बॅग.

४ जून
लॅबच्या मॅडमनी बोलावलं. मास्तरांची तक्रार नाही म्हणाल्या. मग तीनदा टोचल्याचं कळलं कसं? काडीने सांगितलं असणार. काडी म्हणजे नवी मुलगी, शिकायला माझ्याबरोबर फिरते; अंगावर मांस नाही, पण माझ्या रूटवर डोळा आहे. मॅडम म्हणाल्या, महिनाभरात खांदा दाखवून घ्या, नाहीतर थोडे दिवस काउंटरवर बसा. काउंटरवर बसून पावत्या फाडायच्या. मी.

६ जून, संध्याकाळी
बॅग क्रमांक एक. आडवी घालायची, लांब पट्ट्याची. पट्टा बरोबर मधोमध रुतून बसतो आणि शर्टाची बटणं दोन्हीकडे ओढली जातात. लिफ्टमध्ये एक गृहस्थ छताकडेच बघत उभे होते. संशयास्पद.
घरी नवऱ्याला विचारलं, कशी दिसते. तो म्हणाला, बॅग छान आहे. ‘बॅग’वर जोर का दिला, ते विचारल्यावर पेपर वाचायला लागला. पेपर कालचा होता.
मी अंगाने मध्यम आहे. पट्टा अरुंद आहे.

८ जून, शनिवार
बॅग क्रमांक दोन. आखूड, काखेत धरायची. हात अंगाला लागतच नाही, कारण मध्ये बॅग आणि बॅगेच्या आधी मी. दर पाच पावलांना घसरते. खांदा कानाजवळ नेऊन चालले तर राहते. एका पेशंटच्या सुनेने विचारलं, प्लास्टर कधी काढलं.

१२ जून
बॅग क्रमांक तीन, ऑनलाइन. फोटोतल्या मुलीच्या कमरेखाली लोंबते. माझ्या बरगड्यांवर. पट्टा शेवटच्या भोकात. कंपनीने आखूड पट्टा पाठवला, याची खात्री. नवऱ्याची स्टीलची पट्टी घेऊन मोजला. लिहिलाय तेवढाच आहे, इंचभरही कमी नाही.
मग मधले सहा-सात इंच गेले कुठे? चौकशी करणार.

१३ जून
काडी म्हणाली, ताई, आइसबॉक्स मी घेते, तुम्ही नुसती बॅग घ्या. नाही म्हटलं. आधी आइसबॉक्स, मग रूट. दुपारी पाहिलं तर जिन्याखाली ठेवलेला माझा आइसबॉक्स तिने गाडीपर्यंत नेऊन ठेवला होता. न विचारता. डोकं तेज आहे पोरीचं.

१६ जून, रविवार
नणंद आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसाकडे ती कधी माणूस म्हणून बघत नाही. नवऱ्यानेच बोलावलं असावं. चहा त्याने आपणहून केला.
तिला तिन्ही बॅगा दाखवल्या, पुराव्यांसकट. ती म्हणाली, वहिनी, बॅगा राहू द्या, खांदे दाखवा. आतल्या खोलीत दाखवले. पट्ट्याचा वळ स्पष्ट आहे, बोट बसेल इतका खोल. मी म्हटलं, बघ, काय केलंय या बॅगांनी.
तिने विचारलं, बॅग कुठल्या खांद्यावर घेता. म्हटलं, डाव्या. नेहमी. सोळा वर्षं.
मग उजव्यावरही तेवढाच वळ कसा, म्हणाली.
मी म्हटलं, एक खांदा दुखला की दुसऱ्याला ताण येतो. ती म्हणाली, ताण येतो, खाच पडत नाही. मग म्हणाली, वहिनी, तुमच्या ब्राचा नंबर काय.
म्हटलं, अडतीस. लग्नापासून तोच. ती म्हणाली, लग्नाला बावीस वर्षं झाली. मी म्हटलं, काही गोष्टी माणसाने टिकवाव्यात.
ती हसली नाही. सगळं वजन त्या दोन नाड्यांवर लटकतंय, म्हणाली, खालचा पट्टा पाठीवर वर चढलाय, तो काहीच उचलत नाही. बोटांना मुंग्या त्यानेही येऊ शकतात. नीट माप घ्या, मग बॅग मी शोधून देते.
माझी बॅग, ती शोधणार. लॅबच्या मॅडमशी हिची ओळख आहे का, ते काढलं पाहिजे.

२२ जून, शनिवार
पुन्हा मास्तर. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा काडीने घेतलं. माझ्या हातातून सुई घेताना ताई, असू दे, एवढंच म्हणाली. बाहेर आल्यावर जिन्यात बसले. ती आइसबॉक्स मांडीवर घेऊन शेजारी बसली. तिच्यावर संशय घ्यायला आज जमेना.
तिथूनच दुकानात गेले. फक्त चौकशीला. दुकानातली बाई साठीची, गळ्यात टेप. माप घेऊन म्हणाली, घेर चव्वेचाळीस. कपाचं जे अक्षर सांगितलं, ते ब्राला असतं हेच मला माहीत नव्हतं. टेप सरळ धरली होती का, विचारलं. ती म्हणाली, तुम्ही धरा. धरली. चव्वेचाळीस.
दुकानांच्या टेपा मोठं माप दाखवतात, म्हणजे माल महाग विकता येतो. काही न घेता परतले.

२३ जून, रविवार
घरच्या टेपेने मोजलं. दार लावून. त्रेचाळीस.
नवऱ्याला सांगितलं, आपली टेप जुनी आहे, ताणली गेलीय, म्हणून एवढं दाखवते. तो जरा विचार करून म्हणाला, ताणलेली टेप कमी दाखवते.
मग त्याच्या लक्षात आलं. बाजारातून काही आणायचंय का, विचारून निघून गेला.

२५ जून
आणल्या. दोन, चव्वेचाळीसच्या. दुकानातल्या बाईने काही ऐकवलं नाही, ही तिची जमेची बाजू.

१ जुलै, सोमवार
सहावा दिवस. बॅग नणंदेने दिली: चार बोटं रुंद पट्टा, चांगला लांब, बॅग चपटी, मागे कमरेवर बसते. पट्टा मधोमध न रुतता कडेने जातो. नेहमीच्या बाटल्या, सुया, फॉर्म, सगळं मावतं.
आज नऊ घरं. एका आजींची नस कोणालाच सापडत नाही, अशी ख्याती. एका टोचण्यात. काडी दारातून बघत होती. तिला बोटाने नस दाबून कशी शोधायची ते दाखवलं. मॅडमनी काउंटरचं नाव काढलं नाही.
सकाळपासून दोन्ही खांदे तपासतेय. काही नाही. बोटांतही काही नाही.
संध्याकाळी नणंदेचा फोन. वहिनी, बरं वाटतंय ना, नव्या मापाने?
म्हटलं, बॅग चांगली आहे.