तीनदा सांगितलेली हकीकत

हुफूफ (सौदी अरेबिया), ३ सप्टेंबर २०२५

चि. बाबूस ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझा पीए उचलतो आणि आजी, काम काय म्हणून विचारतो. म्हणून हाताने लिहून पत्राचा फोटो पाठवते आहे. अक्षर तरी ओळखशील. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी छडीने वळवलेलं आहे.

आमच्या फाटकाचं वेल्डिंग करायला नागेश आला होता. आपल्या नदीपलीकडच्या गावचा. त्याचा करार मार्चमध्ये संपला, पण कंपनी फायनल एक्झिटचा कागद देत नाही आणि त्यावाचून देश सोडता येत नाही. मॅनेजर रोज उद्या म्हणतो. तिकडे त्याची आई कृष्णाबाई अंथरुणाला खिळली आहे, मुलगा कधी येतो एवढंच विचारते. मजूर कार्यालयात द्यायला तक्रार नीट लिहून हवी. आमदार होण्याआधी बावीस वर्षं वकिलीत तू हेच करत होतास ना? त्याच्याशी बोल.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.

ताई

सावंतवाडी, १२ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

काळजी नसावी. दूतावासाला, मंत्रालयाला आणि त्या कंपनीला माझ्या लेटरहेडवर शिफारसपत्रं गेली. उद्घाटनं, लग्नं, बाराव्याची जेवणं, श्वास घ्यायला फुरसत नाही. काम झालंच समज.

भावजींना नमस्कार, तुला तर दोन.

बाबू

हुफूफ, २४ सप्टेंबर

माननीय आमदारसाहेबांस,

आशीर्वाद आज राखून ठेवले आहेत.

काम झालंच असं तुझ्या कार्यकर्त्यांनीही समजून घेतलं आणि नागेशच्या गावच्या तिठ्यावर फलक लावला! नागेशची सुटका केल्याबद्दल तुझे जाहीर आभार. वर तू, फेटा घातलेला, मिशी काळीभोर, दहा वर्षांपूर्वीचा. त्या फलकाचा फोटो व्हॉट्सॲपवरून इथल्या मजुरांच्या कॅम्पात आला, तिथून मॅनेजरकडे. आम्ही याला काय कोंडून ठेवलं होतं का, म्हणून तो भडकला आणि आता कागद विसर, खलास म्हणाला. नागेश माझ्या स्वयंपाकघरात बसून त्या आमदाराला शिव्या घालत होता. तो माझाच भाऊ, हे मी शरमेने सांगितलंच नाही. माझा धाकटा भाऊ वकील आहे, त्याच्याशी बोल, एवढंच म्हणाले.

बाबू, कोर्टासमोरच्या त्या खोलीत तू प्रत्येक अशिलाला हकीकत तीनदा सांगायला लावायचास. पहिल्यांदा राग येतो, दुसऱ्यांदा तारखा येतात, तिसऱ्यांदा खरं येतं, असं म्हणायचास. मी चहा घेऊन यायची आणि बिचाऱ्याला आधी खाऊ तरी दे म्हणून तुला ओरडायची. गावाच्या पाण्याचा खटला तसाच जिंकलास, आणि त्यावरच लोकांनी तुला निवडून दिलं. लेटरहेडवर नव्हे. तो माणूस ऐक.

तुझी, अजून तरी, ताई

सावंतवाडी, ५ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

फलक उतरवला. पीएला बाहेर बसवून तीन दिवस सकाळी नागेशशी बोललो. तिसऱ्या दिवशी त्याने लाजत सांगितलं, की फेब्रुवारीत मॅनेजरने त्याची कोऱ्या कागदावर सही घेतली होती. त्यावर आता करार वाढवल्याचं छापलं असणार. भीतीने तो हे लपवत होता. मी तेच तक्रारीत पहिल्या ओळीत घातलं आहे. चार पानं सोबत आहेत, अरबी करून घे. सही त्याची. माझं नाव कुठेच नाही.

रागावू नकोस, म्हणजे फार रागावू नकोस.

बाबू

हुफूफ, १४ नोव्हेंबर

चि. बाबूस अनेक आशीर्वाद, मागचे राखलेले धरून.

कागद मिळाला! परवा तो मुंबईमार्गे गोव्यात, मोपा विमानतळावर उतरतो. तू स्वतः जा. हार नको, फोटोग्राफर तर मुळीच नको.

जेवून जा, तिथलं खाऊ नकोस.

ताई

सावंतवाडी, १८ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

एकटाच गेलो. पांढऱ्या मिशीमुळे नागेशने मला ओळखलं नाही, वकीलसाहेब म्हणून गाडीत बसला आणि वाटभर त्या आमदाराचा उद्धार करत राहिला. सवयीने मी ते तीनदा सांगायला लावलं. पहिल्यांदा शिव्या. दुसऱ्यांदा फलक कधी लागला, कधी उतरला. तिसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, की फलकाचं कानावर येताच आईला वाटलं मुलगा आलाच. वाट दिसावी म्हणून तिने खाट ओसरीवर आणायला लावली, आणि फलक गेला तरी ती आत जायला तयार नव्हती.

तेव्हा मी गाडी थांबवली आणि सांगितलं, की तो आमदार मीच. त्याने उतरायला दार उघडलं, पुन्हा लावून घेतलं. मग म्हणाला, चला, उशीर होतोय.

ताई, खाट अजून ओसरीवरच होती, आणि खाटेवरून कृष्णाबाई वाटेकडेच बघत होती.

तुझा रागच राहू दे माझ्यावर, तो कामी येतो.

बाबू